न्यायालयाच्या उंबरठ्यावरचा निकाल

न्यायालयात हरणे आणि न्यायालयाच्या उंबरठ्यावरून परत पाठवले जाणे, या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. हरलेल्या माणसाचे म्हणणे निदान कोणीतरी ऐकून घेतलेले असते. त्याचे साक्षीदार तपासले गेलेले असतात, विरुद्ध बाजूला उलटतपासणीत चार अडचणीचे प्रश्न विचारले गेलेले असतात आणि निकालपत्रात त्याच्या हरण्याची कारणे नोंदलेली असतात. उंबरठ्यावरून परतलेल्या माणसाच्या पदरी यांपैकी काहीही पडत नाही. आपले गाऱ्हाणे खोटे ठरले की केवळ कागद अपुरा ठरला, हेही त्याला पुष्कळदा उमगत नाही. गावात मात्र 'कोर्टानेच हाकलले' एवढीच वार्ता पोचते आणि ती प्रतिपक्षाच्या हाती आयते शस्त्र देते.

कसमादे पट्ट्यातील देवळ्यासारख्या तालुक्याच्या गावी हे अंतर कायद्याची पुस्तके न उघडताही समजते. पाणवठ्यावर किंवा मंदिराच्या पायरीवर अडवला गेलेला शेतमजूर, जातपंचायतीने वाळीत टाकलेले कुटुंब, जन्माच्या जातीमुळे बढतीच्या यादीतून आपले नाव गळाले असा संशय असलेला कारकून यांपैकी कोणीही सहजासहजी कोर्टाची पायरी चढत नाही. उमराण्याच्या बाजारात कांदा नेण्याचा दिवस बुडवायचा, वकिलासाठी मालेगाव वा नाशिक गाठायचे आणि रिट अर्ज करायचा तर थेट मुंबईची वाट धरायची, एवढा खटाटोप करूनच तो तेथवर पोचतो. त्याच्या अर्जाचे भवितव्य पहिल्या सुनावणीत कसे ठरते, हा म्हणूनच केवळ वकिलांच्या जिव्हाळ्याचा तांत्रिक प्रश्न नव्हे. नागरी हक्क कागदावर किती आणि व्यवहारात किती, याचे माप तेथेच घेतले जाते.

कायदा काय सांगतो?

दिवाणी दाव्यापुरते पाहिले तर कायद्याची योजना सरळ आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७, नियम ११ अन्वये काही ठराविक कारणांसाठी न्यायालयाला वादपत्रच नामंजूर करता येते. वादपत्रातून दाव्याचे कारण दिसत नसेल, मूल्यांकन वा कोर्ट फी कमी असून मुदत देऊनही ती भरली नसेल, किंवा वादपत्रातील मजकुरावरूनच दावा एखाद्या कायद्याने वर्जित ठरत असेल, तर साक्षीपुराव्यापर्यंत जाण्याची गरज उरत नाही. मात्र ही चाचणी घेताना न्यायाधीशाने पाहायचे ते फक्त वादपत्र आणि त्यासोबतची कागदपत्रे. प्रतिवादीच्या लेखी कैफियतीत काय म्हटले आहे, हे या टप्प्यावर पूर्णपणे गैरलागू होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सलीमभाई विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. 'वादी म्हणतो ते सारे खरे धरले, तरी त्याला कायद्याने काही मागता येते काय?' हा येथील एकमेव प्रश्न. तो खरे बोलतो की खोटे, याचा निवाडा पुढे पुराव्यावर व्हायचा असतो.

असा नियम अनावश्यक आहे, असे कोणी म्हणणार नाही. १९७७ साली टी. अरिवंदंदम प्रकरणात एका भाडेकरूने हरलेला वाद नवनव्या दाव्यांच्या रूपाने पुन्हा पुन्हा उकरून काढला होता. अशा चतुराईने मांडलेल्या, पण आतून पोकळ असलेल्या दाव्यांचा पहिल्याच सुनावणीत शेवट करावा, असे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या वेळी खालच्या न्यायालयांना बजावले. गोरगरिबांसाठी न्यायालयाची दारे रुंद करणारे न्यायमूर्ती म्हणून ज्यांची ख्याती, त्यांनीच हे सांगावे याला अर्थ आहे. खोट्या दाव्याने सर्वांत जास्त नाडला जातो तोही दुबळाच. तेव्हा उंबरठ्यावर चाळण असावी की नसावी, हा वाद नाही. त्या चाळणीची छिद्रे कोणी पाडली आणि तिच्यातून नेमके काय गाळले जाते, हा खरा प्रश्न आहे.

महाडचा दाखला

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यानंतर तळे दिवाणी न्यायालयात गेले आणि तेथे नऊ वर्षांहून अधिक काळ अडकून पडले, ही गोष्ट मात्र तितकीशी सांगितली जात नाही.

मुंबई कायदे मंडळाने १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले होते. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला आणि पुढे १९२७ च्या ऑगस्टमध्ये तो फिरवला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह होणार असे दिसताच, १२ डिसेंबर १९२७ रोजी काही स्पृश्य हिंदूंनी महाडच्या न्यायालयात दावा लावला. तळे स्पृश्यांचे आहे, अस्पृश्यांनी तेथे पाणी न भरण्याची वहिवाट फार प्राचीन आहे, सबब त्यांना मनाई करावी, अशी त्यांची मागणी होती. अवघ्या दोन दिवसांनी, १४ डिसेंबरला, न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. २५ डिसेंबरला हजारो माणसे महाडात जमली ती या हुकमाच्या छायेतच. बाबासाहेबांनी न्यायालयाचा मान राखला, सत्याग्रह तहकूब झाला आणि माणसे पाणी न घेता परतली.

तो मनाई हुकूम २३ फेब्रुवारी १९२८ रोजी उठवला गेला, पण दावा चालूच राहिला. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाने तो फेटाळला. ३० जानेवारी १९३३ रोजी ठाण्याच्या न्यायालयाने अपीलही फेटाळले. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर या अपिलाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला. तळे नगरपालिकेकडे निहित झालेले आहे आणि अस्पृश्यांना वगळण्याची अनादि काळापासूनची वहिवाट वादींना सिद्ध करता आलेली नाही, हा त्या निकालाचा आशय.

या घटनाक्रमातील विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. दोन दिवसांत जे 'प्रथमदर्शनी' खरे वाटले, ते पुराव्याच्या कसोटीवर तीन न्यायालयांत टिकले नाही. असे का व्हावे? त्या न्यायाधीशाच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. कारण अधिक खोल आहे. पहिल्या नजरेला दिसते ती चालू स्थिती. अस्पृश्य तळ्यावर येत नाहीत, हे १९२७ साली डोळ्यांना दिसत होते आणि त्यावरून 'त्यांना येण्याचा हक्क नाही' असे अनुमान करणे सोपे होते. ते का येत नाहीत, केव्हापासून येत नाहीत, त्यांना कोणी येऊ दिले नाही, हे प्रश्न पुराव्याशिवाय पुढे येतच नाहीत. घाईचा निकाल असा नकळत रूढीच्या बाजूला झुकतो, कारण रूढी दाराशीच उभी असते आणि हक्काला मात्र लांबून यावे लागते.

दार कोणासाठी बंद?

स्वतंत्र भारताच्या संसदेने महाडचा हा धडा कायद्यात उतरवला, याची जाणीव फार थोड्यांना आहे. १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने ओळखला जातो. त्याच्या कलम १३ प्रमाणे, या कायद्याच्या तरतुदींशी विसंगत असणारा कोणताही दावा दिवाणी न्यायालयाने दाखल करून घ्यावयाचा नाही, चालवावयाचा नाही आणि तसा हुकूमनामाही द्यावयाचा नाही. म्हणजे १२ डिसेंबर १९२७ चा दावा आज कोणी लावला, तर तो उंबरठ्यावरच नामंजूर होणे बंधनकारक आहे. ज्या चाळणीतून महाडचा दावा सुखरूप आत शिरला होता, ती चाळण कायद्याने अशी बदलली.

त्याच कायद्याचे कलम १२ दुसरी बाजू सांभाळते. या कायद्याखाली गुन्हा ठरणारी कृती अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत घडली असेल, तर ती अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडली असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे. तसे नव्हते हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीची. भेदभाव करणाऱ्याचा हेतू त्याच्या मनात असतो, कागदावर नसतो. तो सिद्ध करण्याचे ओझे पहिल्याच दिवशी पीडितावर टाकले तर दार उघडे असूनही बंदच राहील, हे कायदेकर्त्यांनी ओळखले होते. कलम १३ विषमतेच्या दाव्याला आत येऊ देत नाही आणि कलम १२ समतेच्या गाऱ्हाण्याला दारात अडकू देत नाही. नागरी हक्कांच्या प्रकरणांत प्राथमिक चाळणी कशी असावी, याचे हे आदर्श सूत्र म्हणावे लागेल.

हे सूत्र मात्र दर वेळी पाळले गेले असे नाही. २० मार्च २०१८ रोजी डॉ. सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिलेला निकाल या दृष्टीने पाहावा. कराडच्या एका शासकीय महाविद्यालयातील कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी मारलेल्या शेऱ्यांपासून हे प्रकरण सुरू झाले. त्याचा शेवट मात्र साऱ्या देशाला लागू होणाऱ्या निर्देशांत झाला. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील फिर्याद नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी करता येईल आणि सरकारी नोकराला अटक करण्यापूर्वी त्याच्या नियुक्ती अधिकाऱ्याची संमती लागेल, असे ते निर्देश होते. खोट्या फिर्यादींना आळा घालणे हा हेतू सांगितला गेला. परंतु चोरीची फिर्याद नोंदवताना जी चाळण लागत नाही, ती जातीय अत्याचाराच्या फिर्यादीलाच का लागावी, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हते. २ एप्रिल २०१८ च्या भारत बंदमध्ये या प्रश्नाचा उद्रेक झाला. त्याच वर्षी संसदेने कलम १८-अ घालून प्राथमिक चौकशीची अट काढून टाकली. १ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेरविचारात ते निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी कलम १८-अ वैध ठरवले. मात्र फिर्यादीतून प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर अटकपूर्व जामिनाचा मार्ग खुला राहील, असेही सांगितले. निरपराध माणसाला एवढे संरक्षण पुरेसे आहे. त्यासाठी साऱ्या फिर्यादींच्या वाटेत अडसर घालण्याचे कारण नव्हते.

नवी संहिता, जुना प्रश्न

हा विषय तेथेच संपला असे मात्र नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ ने नवा पेच निर्माण केला आहे. पोलिसांनी दाद न दिल्यास नागरिकाला दंडाधिकाऱ्याकडे थेट तक्रार करता येते. जुन्या संहितेत तक्रारीची दखल घ्यावी की नाही हे ठरवताना आरोपीला बोलण्याचा अधिकार नव्हता. आता त्याचे म्हणणे ऐकण्याची संधी दिल्याशिवाय दखल घेता येत नाही. तक्रार सरकारी नोकराच्या कर्तव्याच्या ओघातील कृत्याविरुद्ध असेल, तर त्याचे स्पष्टीकरण आणि त्याच्या वरिष्ठाचा अहवाल हेही आधी यावे लागतात.

निष्पाप माणसाला समन्सचा मनस्ताप होऊ नये, हा या तरतुदीमागील विचार त्याज्य नाही. पण तिचा परिणाम काय होईल? दिवाणी दाव्यात प्रतिवादीचा बचाव पहिल्या टप्प्यावर पाहायचा नाही, हे तत्त्व ज्या कारणासाठी स्वीकारले गेले, ते कारण फौजदारी तक्रारीत नाहीसे होत नाही. बचाव आधी ऐकला की उंबरठ्यावरच एक छोटा खटला उभा राहतो. तो खटला साक्षीदारांविना आणि उलटतपासणीविना चालतो, आणि अशा खटल्यात ज्याच्याकडे दप्तर, वकील आणि वेळ आहे, त्याचे पारडे जड होते. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध गाऱ्हाणे, त्याच्याच वरिष्ठाचा अहवाल आला की तक्रारदार शिक्षक किंवा शिपाई काय दाखवणार? म्हणून या तरतुदीचा अर्थ दंडाधिकारी किती संयमाने लावतात, यावर पुष्कळ काही अवलंबून राहील. दखल घेण्यापूर्वीची सुनावणी म्हणजे खटल्याची रंगीत तालीम नव्हे, हे उच्च न्यायालयांनी स्पष्ट करणे अगत्याचे आहे.

हा पेच एकट्या भारताचा नाही. अमेरिकेत १९५७ साली कॉन्ली विरुद्ध गिब्सन हा खटला गाजला. टेक्सासमधील कृष्णवर्णी रेल्वे कर्मचाऱ्यांची तक्रार अशी होती की, नोकऱ्या जात असताना त्यांच्या संघटनेने गोऱ्या सभासदांप्रमाणे त्यांची बाजू घेतली नाही. खालच्या न्यायालयांनी दावा आरंभीच काढून टाकला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला आणि वादीला कोणत्याही परिस्थितीत दाद मिळणे शक्य नाही असे दिसल्याखेरीज दार लावू नये, असा दंडक घालून दिला. पन्नास वर्षे तो टिकला. २००७ साली तो बाजूला सारण्यात आला आणि २००९ साली अॅशक्रॉफ्ट विरुद्ध इक्बाल या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी नवी कसोटी सर्वच दिवाणी दाव्यांना लागू झाली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर धर्म व वंश पाहून आपणास कठोर कोठडीत डांबले, अशी इक्बाल या पाकिस्तानी नागरिकाची तक्रार होती. तत्कालीन महान्यायवादी अॅशक्रॉफ्ट आणि गुप्तचर संस्थेचे प्रमुख म्यूलर यांच्या हेतूविषयीचे त्याचे आरोप 'संभाव्य' वाटण्याइतक्या तपशिलाने मांडलेले नाहीत, असे बहुमताने ठरवले. हेतूचा तपशील ज्या फायलींत असतो, त्या फायली प्रतिवादीच्या कपाटात असतात आणि कपाट उघडण्याचा अधिकार दावा चालू झाल्यावरच मिळतो. आधी तपशील आणा, मग किल्ली देऊ, असे सांगणे म्हणजे किल्ली न देणेच होय.

कारणे द्या

रिट अर्जांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क देणाऱ्या अनुच्छेद ३२ ला बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले होते. अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयालाही तसेच व्यापक अधिकार आहेत. पण विलंब झाला, अन्य उपाय उपलब्ध आहे, वस्तुस्थितीचा वाद आहे, अशा कारणांवरून असे अर्ज प्राथमिक सुनावणीतच निकालात निघू शकतात. कित्येकदा ही कारणे रास्तही असतात. मात्र ती नोंदली जायला हवीत. १९६१ च्या दर्याव प्रकरणात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी घटनापीठाच्या वतीने सांगितले की, गुणावगुणांवर दिलेला निकाल पुढे बंधनकारक होतो, पण कारणे न देता प्राथमिक सुनावणीत फेटाळलेल्या अर्जाला तसे बंधन चिकटत नाही. यातील तर्क सामान्य माणसालाही पटावा. ज्या निकालाने काही सांगितलेच नाही, त्याने काही मिटवले असे कसे म्हणावे?

सरकारविरुद्ध दिवाणी दावा लावणाऱ्याला तर आधी कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तातडीच्या प्रसंगी न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीविना दावा लावता येतो आणि नोटिशीतील किरकोळ तांत्रिक चुकीमुळे दावा फेटाळता येत नाही, ही सवलत १९७६ च्या दुरुस्तीने दिली. वादपत्र नामंजूर झाले तरी दोष दूर करून, मुदतीत असल्यास, नवे वादपत्र दाखल करता येते, आणि नामंजुरीच्या आदेशावर अपीलही करता येते. स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. या तरतुदी आहेत, पण त्या ज्याच्यासाठी आहेत त्याला माहीत नाहीत. पहिल्या सुनावणीत पडणाऱ्या गाऱ्हाण्यांपैकी काही खोटेपणामुळे पडतात, पण काही केवळ वाईट लिहिल्यामुळेही पडतात. ज्याला चांगला वकील परवडत नाही त्याच्या हक्काचे मोल त्याच्या वादपत्राच्या भाषेवर ठरावे, हे न्याय्य नाही. न्यायाधीशाने दोष दाखवून दुरुस्तीची संधी देणे, ही अशा वेळी मेहेरबानी नसून न्यायदानाचाच भाग आहे.

न्यायालयांवरील कामाचा भार अवाढव्य आहे आणि पोकळ प्रकरणे लवकर निकालात काढल्याखेरीज खऱ्या प्रकरणांना वेळ मिळणार नाही, हा युक्तिवाद खरा आहे. पण वेळ वाचवण्याची सुरुवात सर्वांत दुबळ्या पक्षकारापासून करणे योग्य नव्हे. चाळणी ठेवावी, मात्र ती कायद्याच्या प्रश्नापुरती असावी आणि पुराव्याच्या प्रश्नाला तिने हात लावू नये. दार लावावे लागलेच तर ते का लावले हे दोन ओळींत का होईना, पण लिहून द्यावे.

महाडला १४ डिसेंबर १९२७ रोजी दोन दिवसांत दिलेल्या हुकमाची चूक पूर्णपणे दुरुस्त व्हायला १७ मार्च १९३७ चा दिवस उजाडावा लागला. बाबासाहेबांसारखा बॅरिस्टर प्रतिवादी होता म्हणून ती झाली. देवळ्याच्या एखाद्या वस्तीतील माणसाला इतकी वर्षे आणि असा वकील मिळणार नाही. त्याचे सारे काही त्या पहिल्या सुनावणीत पणाला लागलेले असते.